पुठ्ठ्यात बांधलेला अर्ज

परवान्याच्या कचेरीत काचेपलीकडे एक मुलगी बसली होती. तिने अर्ज उघडला, मिटला, पुन्हा उघडला आणि शेजारच्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पेनाच्या टोपणात लक्ष घातलं. काचेच्या अलीकडे नर्सबाई पर्स पोटाशी धरून उभ्या होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली तरी गल्लीने त्यांना दुसरं नाव दिलं नव्हतं. शेजारी त्यांचे यजमान, जन्मभर पुस्तकं बांधत आलेले बाइंडर, छताकडे पाहत होते. मागे रांग लागली होती.

अर्ज पुस्तकासारखा बांधलेला होता. निळ्या कापडाचा पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरांत दोघांची नावं, आत दोऱ्याने घट्ट शिवलेली पानं, आणि तिन्ही कडा सुरीखालून काढून पाण्यासारख्या नितळ केलेल्या. कुणाच्याही कपाटात शोभावा असा हा ग्रंथ परदेशात म्हातारपण काढण्याची परवानगी मागायला आला होता.

"आजोबा, हे सुटं हवं," मुलगी शेवटी म्हणाली. "मशीन एकेक पान घेतं."

"सुटणार नाही," बाइंडर म्हणाले. "ओढून बघा."

"तेच तर म्हणतेय मी."

लग्नाचा अल्बम आणलाय वाटतं, असं मागून कुणीतरी पुटपुटलं आणि रांगेत हसू पसरलं.

नर्सबाईंना हसू आलं नाही. समुद्रकाठच्या त्या परक्या गावात त्यांची धाकटी बहीण राहत होती, नवरा गेल्यापासून एकटीच. तिच्या घरातली वरची खोली रिकामी होती. उरलेलं आयुष्य तिथे, एका छपराखाली, एकमेकींना औषधांची आठवण करून देत काढावं, एवढंच नर्सबाईंचं मागणं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि महिनाअखेरीनंतर निवृत्तांचा हा परवाना ज्यांची मुलं तिथे आहेत त्यांनाच मिळणार होता. बहीण ही त्या नियमाला नात्यातलीच वाटत नव्हती.

एवढ्याशा मागण्यापायी किती उंबरे झिजवले होते त्यांनी. पेन्शनचं पत्र बँकेला हवं, बँकेचं विम्याला, विम्याचं वकिलाला, आणि वकील जेवायला गेलेला. एक कागद पिकेपर्यंत दुसरा सडायचा. तब्येतीचा दाखला हातात आला तोवर पोलिसांच्या दाखल्याची मुदत संपलेली. तो नव्याने काढावा तर ये रे माझ्या मागल्या. हयातीचा दाखला मागणाऱ्या अधिकाऱ्यासमोर त्या प्रत्यक्ष उभ्या होत्या, तर तो म्हणाला, बाई, तुमच्या असण्याचा पुरावा तुम्हीच कशा होऊ शकाल? जन्मभर जगून झाल्यावर त्या जगण्यावर कुणा परक्याने शाई उमटवावी लागते, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि त्याचा राग अजून गेला नव्हता.

या पायपिटीत बाइंडर सावलीसारखे सोबत असायचे आणि सावलीइतकंच बोलायचे. जायचं ना, असं पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते 'बघू' म्हणाले होते. त्यांच्या घरात बघू म्हणजे हो, असंच नर्सबाई लग्नापासून धरून चालल्या होत्या. म्हणूनच गेल्या आठवड्यात शेवटचा शिक्का मिळाल्यावर, दे, मी नीट लावून ठेवतो, असं ते आपणहून म्हणाले, तेव्हा त्यांना भरून आलं. दुकान विकल्यापासून माळ्यावर पडलेली अवजारं खाली उतरली. कडा कापायला ते ओळखीच्या छापखान्यात जाऊन आले. शिवण चालली होती त्या दुपारी नर्सबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. कागदातून दोरा सरकतानाची ती बारीक सळसळ त्यांना थेट लाटेसारखी वाटली होती.

मुलीने कात्री पुढे केली. जखमेचे टाके काढावेत इतक्या हळुवारपणे बाइंडरांनी शिवण उसवली. पानं सुटी झाली. मुलीने पहिलं पान यंत्रात घातलं, बाहेर काढून उजेडात धरलं. मग दुसरं. मग सगळीच भराभर चाळली.

"शिक्के अर्धेच आहेत हो," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात कंटाळा नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं.

वकिलाने पानोपानी उजव्या कडेला शिक्का मारला होता, पोलिसांच्या दाखल्यावरही शिक्का तिथेच होता, आणि प्रत्येकाचा अर्धा गोल सुरीने नेला होता. शिक्का अखंड दिसायला हवा असा नियम होता. सगळं नव्याने करून महिनाअखेरीपर्यंत आणा, असं मुलीने सांगितलं. नुसत्या पोलिसांच्या दाखल्यालाच त्याहून जास्त वेळ लागतो, हे तिला ठाऊक होतं आणि नर्सबाईंनाही. साहेबांनी टोपण लावलं आणि पुढचा नंबर पुकारला.

दोघं बाहेरच्या बाकावर येऊन बसले. नर्सबाईंनी मनात आधी नवऱ्याचीच बाजू घेतली. सवय होती ती. मोतीबिंदू झालेले डोळे, सुटलेला सराव, छापखान्यातली घाई. मग पानांचा गठ्ठा मांडीवर घेऊन त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. काप सरळ होता, कुठे दात नव्हता, कुठे हात हललेला नव्हता.

दुकान होतं तेव्हा वकील मंडळी खटल्यांचे कागद बांधायला टाकत. सुरीखाली गठ्ठा घालण्याआधी बाइंडर पान न् पान चाळायचे. कडेला सही-शिक्का दिसला की तेवढी कड आत दुमडायची, म्हणजे सुरी तिला शिवत नसे. गिऱ्हाईक दारात थयथयाट करत असलं तरी हे चुकत नव्हतं. मांडीवरच्या गठ्ठ्यात मात्र एकही घडी नव्हती.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. चढवायला अंगात काही उरलं नव्हतं. "वकिलांची पानं आत दुमडायचात तुम्ही. आपली का नाही दुमडलीत?"

बाइंडर चष्मा पुसत राहिले.

"चुकून झालं म्हणा, मी ऐकून घेईन. यायचंच नव्हतं तर तेही सांगा. पण तोंडाने सांगा. मी धाकटीला फोनवर काय सांगू?"

काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या. बाइंडरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, गुडघ्यांवर हात टेकून ते उठले, आणि कठड्याला धरून जिना उतरू लागले.