हात काढा

पिवळी पिन. केसांत खोचायची, प्लॅस्टिकची, एक दात मोडलेली, उशीवर अशी बिनधास्त पडलेली की जणू ही खोली त्या पाहुण्या पोरीच्या आईचीच... मुझेय्यननं ती उचलून खिडकीत ठेवली आणि चादर ओढून नीट केली. एकटी येते, ब्राझीलहून, हा एवढासा गाव बघायला, आणि झोपताना दाराला कडीसुद्धा घालत नाही. भीती कुठं ठेवून येतात या बायका?

"वहिनी! अहो वहिनी!" खालून हिदायत ओरडला. धाकटा दीर. नवरा, नेजात, गेल्यापासून तिनं वरच्या दोन खोल्या प्रवाशांना द्यायला काढल्या, तेव्हापासून त्याच्या कपाळावर आठी होतीच.

"काय झालं?"

"तुमची ती तालिता कहवाखान्यात येऊन बसलीय! पुरुषांत! चला, उठवा तिला."

"तुम्हीच सांगा की. तोंड नाही का तुम्हाला?"

"पाहुण्याला ऊठ कसं म्हणायचं? पेला रिकामा झाला की बेकताश भरून आणतोय. चमचा पेल्यावर आडवा ठेवायचं तिला ठाऊक नाही. पत्ते बंद पडलेत, कुणाला शिवी देता येईना. सगळे मुंड्या खाली घालून बसलेत!"

मुझेय्यनला हसूच फुटलं. चमचा आडवा म्हणजे पुरे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मेली चहात बुडून मरायची.

ती त्याच्यामागून निघाली. कहवाखान्यासमोरच्या चिनाराच्या झाडापाशी पाय आपोआप थांबले. संसारभर ती इथवरच आली होती — सासूला ताप असो, घरात मीठ नसो, इथं उभं राहायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हणायचं, आमच्या नेजातला जरा बोलवा... आणि मग ती थंडीतली सकाळ. तो आत कोसळला. ती धावत आली, आणि याच हिदायतनं दारात आडवा हात धरला — थांबा वहिनी, आणतो बाहेर. आणला. अंग ऊन होतं, पण तो संपला होता. त्याचा शेवटचा श्वास त्या सगळ्यांच्या वाट्याला आला, आणि मी, त्याची बायको, बाहेर उभी, शेजारणीचं भांडं परत करायला आल्यासारखी! जाताना कलमा म्हणाला म्हणे. नेजात आणि कलमा! कुणाला सांगता?

ती दारापर्यंत गेली. "इथूनच हाक मारा," हिदायत म्हणाला. दारात त्याचा हात पुन्हा आडवा.

तिनं त्या हाताकडे पाहिलं.

"हात काढा."

"वहिनी, लोक बघतायत."

"बघू देत. अल्लानं डोळे त्यासाठीच दिलेत."

हात खाली आला. कसा आला ते बहुधा त्यालाही कळलं नाही.

आत धूर, ओल्या लोकरीचा वास — नेजातच्या कोटाचा वास तो. इतकी वर्षं तिला वाटायचं, तो त्याच्या अंगाचाच. "मावशी!" तालिता मोडक्यातोडक्या भाषेत ओरडली आणि पोटावर हात ठेवून रडवेलं हसली. सगळ्या माना आशेनं वर झाल्या. आता मुझेय्यन चमचा आडवा ठेवणार, पोरीला घेऊन जाणार, डाव पुढं सुरू...

मुझेय्यननं खुर्ची ओढली.

"बेकताश, मलाही एक. कडक."

बेकताशनं, कहवाखान्याच्या मालकानं, दाराकडे, हिदायतकडे पाहिलं.

"तिकडे काय बघतोस? चहा मला हवाय. आणि नेजात कुठं बसला होता त्या दिवशी?"

बेकताशनं हनुवटीनं शेगडीजवळची खुर्ची दाखवली. तिथला म्हातारा आपण होऊन उठला. मुझेय्यन जाऊन तिथं बसली. इथून खिडकीतून तो चिनार दिसत होता, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. म्हणजे मी उभी राहिलेली त्याला दर वेळी दिसत होते. निरोप आत पोचेपर्यंत, हातातला डाव संपेपर्यंत... दिसत होते!

"शेवटी काय म्हणाला तो?"

"सांगितलं ना वहिनी, कलमा..." दारातून हिदायत.

"तुम्हाला नाही विचारलं."

बेकताशनं पुसलेलाच ट्रे पुन्हा पुसायला घेतला.

इतकी वर्षं छातीत काहीतरी घट्ट बसलं होतं, त्याला ती दुःख म्हणत आली होती. आल्यागेल्यासमोर, कबरीपाशीसुद्धा. ते दुःख नव्हतंच. राग होता — त्यांच्यावर, आणि हो, नेजात, तुझ्यावरसुद्धा. चांगला धडधाकट राग, आणि तो कळल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिनं पाय शेगडीकडे पसरले. सांगाल तेव्हा सांगा. मला कुठं जायचंय?