पेल्यातला श्वास

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर कुजलेल्या ओंडक्यांचे तुकडे, प्रत्येकावर ओलं फडकं. श्वासबाबा मंत्र पुटपुटायचे आणि एक फडकं उचलायचे. खाली लाकडाला चिकटलेले तपकिरी, वाटीसारखे पेले. क्षणभर काही नाही. मग फुस्स असा बारीक आवाज, आणि पेल्यांतून पांढुरका धूर. लोक हात जोडायचे.

"प्राण कुठे जात नाही," बाबा सांगायचे. "फक्त पत्ता बदलतो. आत्म्याला घाई नसते, तुम्हीही करू नका. चला, पुढे सरका."

माझा नवरा नुकताच गेला होता. सासूबाई रोज इथे त्याचा श्वास ऐकायला यायच्या. मी त्यांना घेऊन यायचे आणि भिंतीला टेकून उभी राहायचे. विश्वास नव्हता, रागही नव्हता. कोणी जेव म्हटलं की जेवायचं, चल म्हटलं की चालायचं.

त्या दिवशी मुलगीही सोबत होती. तिला दमा आहे. बापाचा श्वास पोरीच्या छातीत गेला की औषधाचा पंप कायमचा सुटेल, असं बाबांनी सांगितलं होतं. सासूबाईंनी पंप घरीच ठेवायला लावला. मी मान डोलावली.

माझी नणंद कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिच्या कानावर हे गेलं तशी ती तडक हॉलवर आली. मुलगी पेल्यावर वाकत होती. नणंदेने तिला दंडाला धरून मागे घेतलं.

"बाबा, मंत्र न म्हणता फडकं उचललं तर काय होईल?"

"नुसतं लाकूड दिसेल, ताई."

तिने शेजारचं फडकं उचललं. जरा वेळ गेला. फुस्स. धूर निघाला.

"आता याच तुकड्यावर मंत्र म्हणा."

बाबांनी म्हटला. पुन्हा म्हटला, जरा मोठ्याने. पेले गप्पच.

"पत्ता बदलला वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं.

"ही बुरशी आहे," नणंद लोकांकडे वळून म्हणाली. "पेल्याच्या आतल्या बाजूला डोळ्यांना न दिसणाऱ्या हजारो थैल्या असतात. थैलीत बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी म्हणा, पाण्याच्या दाबाखाली भरलेलं. ओलं फडकं निघालं, कोरडी हवा लागली, की सगळ्या थैल्या एकदम उडतात. एकदा उडाल्या की नव्या पिकेपर्यंत काही नाही. पाव फुगवणारं यीस्ट, पेनिसिलिन देणारी बुरशी, सगळी याच थैलीवाल्या कुळातली. पण हा धूर दम्याच्या पोरीच्या छातीत गेला असता तर तिला दवाखान्यात न्यावं लागलं असतं."

बाबा फडकी गोळा करू लागले.

"म्हणजे तो नव्हता?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

त्या खुर्चीवर बसल्या. "त्याचा श्वास असा नव्हताच," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येत होतं ना. तरी मी इथे येत होते."

मी त्यांच्या शेजारी बसले. रडू मलाही आलं नाही, त्यांनाही नाही.

माझा बाबांवर कधीच विश्वास नव्हता, तरी मुलगी त्या पेल्यापर्यंत पोचली होती. म्हणून सांगते, मनातल्या मनात विश्वास न ठेवणं पुरत नाही. तोंड उघडून विचारावं लागतं.