बाकाच्या पायाला संधिवात

दर मंगळवारी मालेगावच्या बाजारात गुडघे धरून येणाऱ्यांची एवढी गर्दी उसळायची, की भाजीवाल्यांना दुकानं मागे सरकवावी लागत. मांडवात बाकावर सांधेबाबा बसत. दुखऱ्या सांध्यावर हळद चोळत, मंतरलेल्या पाण्यात भिजवलेला फडका फिरवत आणि फडका लालभडक होई. "पाहा, वात निघून राह्यला. गोळ्या खाल तर परत हाडात घुसन," बाबा बजावत. लोक हात जोडत.

जिकराच्या डोक्यात तिडीक जायची. तिची सासू लतीफा रजया शिवायची. आमवाताच्या गोळ्यांनी वर्षभर तिची बोटं बरी होती. डॉक्टरांच्या सांगण्यावरून जिकराने कात्रीच्या मुठी चिंध्या गुंडाळून जाड केल्या होत्या, कपडे पिळायचं काम स्वतःकडे घेतलं होतं. लतीफा बाबांकडे जाऊ लागली आणि तीन महिन्यांत बाबांनी सगळ्यावर पाणी फिरवलं. गोळ्या डब्यात पडल्या, चिंध्या चुलीत गेल्या, लतीफाची करंगळी वाकडी झाली आणि तिला सुई धरवेना. बोलायला जावं तर ती म्हणे, "तुह्या डॉक्टरनं कधी वात डोळ्यानं दाखवला काय?"

सोमवारी जिकरा चरफडत सासूची ओढणी धूत होती. हळदीच्या डागाला साबण लागला आणि डाग लाल झाला. हे तर ती लहानपणापासून पाहत आली होती! तिला स्वतःचाच राग आला.

मंगळवारी सासूची पाळी येताच जिकराने घरची हळद बाबांच्या बाकाच्या पायाला चोळली आणि त्यांचाच फडका त्यावर फिरवला. फडका लाल झाला.

"बाबा, बाकाले बी संधिवात झाला काय?"

बाबा म्हणाले, बाईची नजर वाईट आहे. जिकराने ऐकलं नाही. पाण्यात चुन्याची निवळी असणार, साबणासारखीच चुन्यानेही हळद लाल होते, एवढंच तिने सांगितलं. रांगेतल्या उकंडरावांनी खिशातली तंबाखूच्या चुन्याची डबी काढली, तळहातावर हळद-चुना मळला आणि लाल झालेला तळहात सगळ्यांना दाखवला. जवळजवळ प्रत्येक खिशात तीच डबी होती. दुपारपर्यंत मांडव उठला. तरी दोघं-तिघं बाबांचा पुढचा मुक्काम विचारत होते.

लतीफाने वाकडी करंगळी पुढे केली. "हे सरळ होईन काय, बेटा?"

"नाई, अम्मी. बाकीची वाचवू," जिकरा म्हणाली आणि तिला थेट दवाखान्यात घेऊन गेली.

हळद आणि चुना घरोघरी आहेत. चमत्काराला हात जोडण्याआधी तो घरी करून पाहावा. त्यासाठी लतीफाच्या करंगळीएवढी किंमत मोजावी लागत नाही.