उष्ट्याच्या बादलीचा तोरा

मी एक जुनी बादली आहे, मित्रांनो. पाण्याची नाही आणि दुधाची तर नाहीच नाही. मी उष्ट्याची बादली आहे. आता लगेच नाक मुरडू नका. तुमच्या ताटात उरतं ते पुढे कुठे जातं, याचा विचार तुम्ही कधी केलेला नसणार, म्हणून मलाच सांगायला बसावं लागतंय.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. त्याने मला ठोकून ठोकून गोल केलं, काठ वळवला, कडी अडकवली आणि पालथी घालून बुडावर एक टिचकी मारली. मी खणखणीत वाजले. "ही कुठेही नांदेल," तो म्हणाला. ते शब्द मी आजवर जपून ठेवले आहेत. आमच्यासारख्यांना कौतुक वारंवार मिळत नाही, त्यामुळे एकदा मिळालेलं पुरवून वापरावं लागतं.

मी नांदायला आले ती समुद्राकाठच्या एका गावात. धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर दोन जावांची एक छोटी खाणावळ आहे. तिथे फक्त सकाळचा नाश्ता मिळतो. थोरली शेगडीपाशी उभी राहते आणि धाकटी टेबलांपाशी. थोरली कमी बोलते. तिच्या वाट्याचं धाकटी बोलून घेते.

सुरुवातीची वर्षं मी पिण्याचं पाणी भरत होते. मग एकदा ओल्या पायरीवरून गडगडत खाली गेले, कुशीत मोठा पोचा आला आणि बुडाला बारीक भोक पडलं. भोक बुजवलं, पण पिण्याच्या पाण्यावरून मी उतरले ती उतरलेच. मागच्या दाराशी, भांडी घासायच्या मोरीखाली मला जागा मिळाली. पहिला उष्टा पाव अंगावर पडला तेव्हा मला रडू आलं होतं. पण हळूहळू लक्षात आलं, की घरातली सगळ्यात खरी बातमी या जागी येते.

माणसांची तोंडं गोड खोटं बोलतात. "वा, छान होतं हं!" म्हणत माणूस उठतो आणि अर्धं अंडं कागदी रुमालाखाली झाकून जातो. ताटाला असं झाकता येत नाही. सगळी ताटं शेवटी माझ्यापाशी येतात आणि पोटातलं सांगतात.

आणि आमच्या ताटांना सांगण्यासारखं फारसं काही नसायचं! थोरलीचे बटाट्याचे काप गावात प्रसिद्ध होते. बाहेरून असे कुरकुरीत, की रस्त्यावरून जाणाऱ्याला आवाज ऐकूनच भूक लागावी. भाजलेला पाव, कडा सोनेरी झालेलं अंडं, परतलेला टोमॅटो. लोक बोटं चाटून ताट परत द्यायचे आणि मी आपली रिकामीच.

कोंबडीवाली आजी मात्र यावर जाम चिडायची. गावातल्या सगळ्या हॉटेलांचं उष्टं ती हातगाडीवर गोळा करून आपल्या कोंबड्यांना घालते. आमच्या दाराशी आली की कडी धरून मला हलवायची आणि तोंड वाकडं करायची.

"तुमच्या भरवशावर राहिले तर माझ्या कोंबड्या उपाशी मरतील. बंदरावरच्या हॉटेलाकडून शिका जरा! काय टाकतात ते लोक, भरभरून!"

"आजी, तुमच्या कोंबड्यांना बसवू का टेबलावर?" धाकटी विचारायची.

मित्रांनो, सगळ्यांची बादली बघणाऱ्या बाईने आमच्या बादलीला नावं ठेवावीत, याहून मोठी शाबासकी कोणती? मी पोचा पडलेली कूस फुगवून बसत असे. रिकामी बादली म्हणजे उत्तम नाश्ता, हा माझा हिशेब होता. तो मोडला कसा, तेच तर सांगायचं आहे.

एका सोमवारी, पाहुण्यांचा हंगाम संपल्यावर, एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी खाणावळीत आली. गृहस्थ काठीसारखे वाळलेले होते आणि कोट त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. पण आवाज असा, की मोरीतल्या वाट्या शहारल्या. उभा जन्म त्यांनी मोठ्या जहाजांवर आचारी म्हणून काढला होता. धाकटीने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव कप्तान ठेवलं.

"पोरी, हे शेवटचं," ते मुलीला म्हणाले. "बंदरावरचं झालं, दीपस्तंभाखालचं झालं, बाजारातलं झालं. या गावात एक तरी खरा नाश्ता निघाला, तर खाईन. नाहीतर पाठ सोड माझी."

थोरलीने जीव ओतून थाळी वाढली. थोड्या वेळाने हाक ऐकू आली.

"बाई, हा बटाटा आहे की कौल?"

थाळी जवळजवळ भरलेली परत आली. मंगळवारीही तेच. "हा पाव भाजलाय की याच्यावर सूड उगवलाय?" धाकटीच्या हातातून ताट माझ्यात रिकामं झालं, आणि माझ्या कुशीतला पोचा एकदम दुखायला लागला.

मंगळवारीच कप्तानांची मुलगी मागच्या दाराशी आली. तिला धाकटीशी एकटीने बोलायचं होतं.

"बाबांचं मनावर घेऊ नका हो. आजारातून उठले आणि खाणंच सुटलं. डॉक्टर म्हणालेत, या आठवड्यात खायला लागले नाहीत, तर शनिवारच्या बसने परत आणा, दवाखान्यात ठेवून नळीने अन्न देऊ. आणि बाबा म्हणतात, नळी आणलीस तर मी नळीसकट समुद्रात उडी मारीन." ती हसायला गेली, पण ते हसू मध्येच ओलं झालं. "समुद्र बघून तरी भूक लागेल म्हणून इथे आणलं. रोज नवीन जागा शोधते. आता जागाच संपल्या."

धाकटीने हे सगळं थोरलीला सांगितलं. थोरलीने फक्त तवा जरा जास्त जोरात घासला.

बुधवारी कप्तान सगळ्यांच्या आधी आले. माझी नुकतीच अंघोळ झाली होती, त्यामुळे पोटात दुसऱ्या कुणाचा कण नव्हता. त्यांची थाळी परत आली, माझ्यात पडली, आणि थोरली शेगडी सोडून तरातरा मागे आली. राग नाकाच्या शेंड्यावर होता. ती खाली बसली आणि माझ्यात डोकावली.

"जाऊबाई, काय हे! बादलीत मोती पडलाय का?" धाकटी म्हणाली.

"थांब गं जरा. चमचा दे."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यात टाकणारे शेकडो पाहिले. थांबून बघणारं माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं. थोरलीने चमच्याने एकेक तुकडा बाजूला केला. पाव होता, पण नुसत्या कडा. मधला मऊ गर गेला होता. टोमॅटोचं फक्त साल होतं. अंड्याचा बलक गायब आणि तळलेली सोनेरी कड तशीच. एक काप तिने उचलून उजेडात धरला. त्याच्या एका टोकाला दाबल्याची बारीक खूण होती. चावायला घेतला होता, आणि जमेना म्हणून गुपचूप परत ठेवला होता.

थोरलीचा राग पाण्यासारखा उतरला.

"अगं, यांना माझा नाश्ता नावडत नाही," ती हळूच म्हणाली. "यांना चावता येत नाही. आजारात माणूस आटलं, हिरड्या आटल्या, आता कवळी सैल होऊन टोचत असणार."

"मग तोंडाने सांगायला काय होतं? जगाला ऐकू जाईल एवढा आवाज आहे!"

"जन्मभर दुसऱ्यांना खाऊ घातलेला माणूस. तो चारचौघांत म्हणेल का, मला मऊ करून घाला? त्यापेक्षा बटाट्याला कौल म्हणणं सोपं." थोरलीने चमचा धुतला. "एक वेळ माणूस कवळी काढून हातात देईल, पण तोरा काढून देणार नाही."

"मी जाऊन त्यांच्या मुलीला सांगते."

"खबरदार! एक अक्षर बोलायचं नाही. तिलाही नाही. ती आनंदाच्या भरात बोलून जाईल."

गुरुवारी सकाळी थोरलीने जे केलं, ते बघून मलाच घाम फुटला. तिने बटाटे कापलेच नाहीत. उकडले, कुस्करले, मऊ परतलेल्या कांद्यात मिसळले आणि मंद आचेवर नुसते बसवले. अंडी लोण्यात ढवळत ढवळत सायीसारखी केली. पाव दुधाअंड्यात बुडवून अलगद परतला. माशाला वाफ दिली आणि काटा न् काटा बोटांनी काढला. आणि हे एका थाळीपुरतं नाही, सगळ्यांसाठी!

"जाऊबाई, गिऱ्हाईकं काय म्हणतील? आपलं नाव त्या कुरकुरीत कापांवर आहे."

"एकट्याच्याच पानात मऊ पडलं तर त्यांना कळणार नाही का? आज नाव जरा बाजूला ठेवू. कुठे पळून जातंय?"

मग पदराला हात पुसत ती स्वतः बाहेर गेली, जी कधी जात नसे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आज शेगडी रुसलीय हो. आचच धरत नाही. सगळं मऊ झालंय, आजचा दिवस सांभाळून घ्या."

रोज येणाऱ्या पोस्टमनने पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. "हे काय, बाई? आज काय बाळाचं उष्टावण आहे?"

आणि तेव्हा खिडकीजवळच्या टेबलावरून आवाज आला.

"तुला काय कळतंय रे? तडातडा जाळायला कुणालाही येतं. मंद आचेवर अंडं राखायला मनगट लागतं, मनगट! वादळात जहाज हेलकावत असताना मी असं अंडं करत होतो." मग जरा थांबून, "बाई, तो पाव अजून आहे का?"

शेगडीपाशी थोरली पाठ करून उभी होती आणि रिकामा तवा ढवळत होती.

त्या दिवशी माझ्यात खूप पडलं, मित्रांनो. पोस्टमनने अर्धं टाकलं, बर्फवाल्याने त्याहून जास्त. कोंबडीवाली आजी तर हरखलीच. "आज सुधारलात!" म्हणून तिने थोरलीच्या पाठीवर थाप मारली. इतकी भरलेली मी कधीच नव्हते. पण एक थाळी अशी आली, की तिच्यातून माझ्यात काहीही पडलं नाही. पावाच्या तुकड्याने ती पुसून घेतलेली होती. ती थाळी घेऊन कप्तानांची मुलगी स्वतः मागे आली होती. तिने त्या कोऱ्या थाळीवरून नुसतं बोट फिरवलं, आणि मग बराच वेळ ती समुद्राकडे तोंड करून नाक पुसत उभी राहिली. मी गळ्यापर्यंत उष्ट्यात बुडाले होते, आणि माझ्याएवढी ताठ मानेची बादली त्या क्षणी त्या किनाऱ्यावर दुसरी नव्हती.

शुक्रवारपासून गावाला कुरकुरीत काप परत मिळाले. थोरलीने जाहीर केलं, की मोठा बर्नर सुधारला, छोटा तेवढा अडून बसलाय, आणि खिडकीजवळच्या टेबलाचं छोट्यावरच होतं. कप्तानांनी त्याही दिवशी थाळी पुसली.

पण शनिवारी घोटाळा झाला. कप्तान भल्या सकाळी हातात पाना घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरले.

"सरका, बाई. तुमचं मीठ खाल्लंय. तो छोटा बर्नर मी बघतो."

"अहो, कशाला... मिस्त्री येणारच आहे..."

"मिस्त्रीला काय कळतंय?"

त्यांनी बर्नर काढला, उलटा केला, फुंकर मारली, उजेडात धरला. तो धुतलेल्या शिंपल्यासारखा स्वच्छ होता. जोडला, पेटवला. निळी आच सरळ, उंच उभी राहिली. धाकटीने पदर तोंडात कोंबला. थोरली कधी नव्हे ते कांदा डोळ्यात गेल्यासारखं करू लागली, हातात कांदा नसताना.

कप्तान त्या आचेकडे बघत राहिले. मग शेजारच्या पातेल्यातल्या कुस्करलेल्या बटाट्याकडे. मग त्यांचा हात सावकाश गालावर गेला, हिरडीपाशी थांबला आणि खाली आला. त्यांनी आच बारीक केली. अगदी बारीक.

"बिघाड खोल आहे, बाई," ते घसा खाकरून म्हणाले. "याला कुणालाही हात लावू देऊ नका. आहे तसाच चालू द्या."

दारात मुलगी उभी होती. त्यांनी विचारलं, "बस किती वाजता आहे गं?"

"पहाटेच गेली, बाबा. मीच जाऊ दिली."

त्यानंतर त्या दोघांनी धक्क्यावर एक खोली घेतली. कप्तान एकदा शहरात दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, असं मी पोस्टमनकडून ऐकलं. त्यांनी सांगितलं नाही आणि आमच्या घरात कुणी विचारलं नाही. पण एका सकाळी खिडकीजवळून हाक आली, "बाई, आज मोठ्या बर्नरवरचं येऊ द्या!" आणि थोड्या वेळाने 'कुर्रम' असा आवाज झाला. तो मागच्या दारापर्यंत आला. थोरलीच्या हातातलं उलथनं थांबलं. मग दुसरा आवाज आला, पहिल्यापेक्षा मोठा.

"कौल बरं जमलंय आज," कप्तान म्हणाले.

गावातला उत्तम नाश्ता कुठे मिळतो, असं कुणी विचारलं, तर आता सगळे आमच्या दाराकडे बोट दाखवतात. पाटीवर माझं नाव नाही, आणि उष्ट्याच्या बादलीचं नाव पाटीवर कुणी लिहीतही नसतं. माझी तक्रार नाही. ज्या घरी बादलीतही डोकावून बघतात, त्या घरी मी नांदले, एवढं मला पुरतं.

तुमच्याकडे मागणं एवढंच आहे, मित्रांनो. तुमच्या घरच्या बादलीला रोज गरम पाण्याने घासा आणि घटकाभर उन्हात पालथी घाला. ताटात लागेल तेवढंच घ्या. आणि कुणाच्या ताटात रोज काही उरत असेल, तर रागावण्याआधी खाली बसून बघा, काय उरलंय आणि का उरलंय.

कधी या बाजूला आलात, तर पोटभर खा, ताट पुसून द्या आणि जाताना मागच्या दाराशी थांबून माझ्या बुडावर एक टिचकी मारा. अजून खणखणीत वाजते मी.