जीप निघेपर्यंत

सूर्य वर यायच्या आत प्रेमसिंगने जीप धुवायला घेतली. टपावरची धूळ त्याने फडक्याने उतरवली, काचांवर पाणी मारलं, आरशाखालची सुकलेली लिंबू-मिरची काढून नवी बांधली आणि सेवालाल महाराजांच्या तसबिरीपुढे अगरबत्ती लावली. गोरेगावाजवळच्या त्या तांड्यावरून हिंगोलीला जाणारी ही पहिली जीप. ती भरल्याशिवाय निघत नसे, आणि भरायला वेळ लागे.

घरात, मागच्या खोलीत, त्याची आई धुरपताबाई सुनेला चहा पाजत होती. देवला बाजेवर, पाठीशी वाकळीची वळकटी घेऊन बसली होती. चहाचा शेवटचा घोट घेऊन तिने गोळ्या गिळल्या आणि कप खाली ठेवला. धुरपताबाईंनी दार लोटलं, आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून जमिनीवर बसल्या.

"याडी, कडी कशाला लावता?" देवला म्हणाली. सासूला ती नवऱ्यासारखीच याडी, म्हणजे आई म्हणे. "पळून जायचं बळ आसतं तर कडीचं काम होतं."

"चूप बस. मानसं येऊन राहिली."

बाहेर एकेक आवाज वाढत गेला. कोणी कोर्टाच्या तारखेला निघालं होतं, कोणी हळदीचा भाव बघायला, कोणी पोरीसाठी स्थळ पाहायला. दोघी विधवा बायका श्वास आवरून ते ऐकत राहिल्या. ऊन दारापर्यंत येऊन पोचलं तेव्हा इंजिनाचा आवाज झाला, वळणावर लांबत गेला, विरला. मग धुरपताबाईंनी उठून कडी काढली. गुरं सोडावीत, चूल पेटवावी, तसंच हेही त्या घरातलं रोजचं काम होऊन बसलं होतं.

जीप येण्याआधी या घरात असली रीत नव्हती. धुरपताबाईंची आजी विधवा असूनही लदेणीच्या, म्हणजे पाठीवर माल लादलेल्या बैलांच्या तांड्यापुढे चालायची. तिला कोणी नजरेआड केल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. पण दोन हजार सालच्या आसपास प्रेमसिंगने जीप घेतली आणि बाजारगावची माणसं दारात येऊ लागली. एका सकाळी अंगण झाडणाऱ्या धुरपताबाईंना पाहून गोरेगावचा एक कापडवाला जीपमध्ये चढता चढता थांबला. "पहिल्या फेरीला घरातल्या अशा बायका जरा आत ठेवत जा, प्रेमसिंग," एवढंच तो हसून म्हणाला. प्रेमसिंगची मान खाली गेली. ती पाहून धुरपताबाई आपल्या पायांनीच घरात गेल्या. त्यांना कोणी ढकललं नव्हतं. मोठा मुलगा देविदास तापाने गेला आणि देवलाचं कपाळ मोकळं झालं, तेव्हा त्यांनी तिलाही हाताला धरून त्याच खोलीत नेलं.

देवलाला धाप लागू लागली ती त्यानंतर. आधी हंडा उचलताना, मग झाडताना, मग नुसतं आडवं झालं तरी. पायांवर बोट दाबलं की खळगा पडून राही. हिंगोलीच्या डॉक्टर करुणा खिल्लारे यांनी तपासून सांगितलं, की हृदय दुबळं झालं आहे, औषधं कायमची घ्यावी लागतील. हे धुरपताबाईंना पटलं. पटलं नाही ते गोळ्यांनी उतार पडल्यावर डॉक्टरांनी सांगितलेलं.

"सूज उतरलीय, धाप ओसरलीय. आता यांनी रोज थोडं थोडं चालायचं."

"बाई, दमलेल्या बैलाला कोनी औताला जुपत न्हाई."

"जुपत नाही, पण खुंट्यालाही बांधून ठेवत नाही. कासरा धरून फिरवून आणतातच ना?" डॉक्टर हसल्या. "नुसतं पडून राहिलं की पायांची ताकद जाते, आणि मग तेवढ्याच कामाला हृदयावर जास्त ओझं येतं. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की थांबायचं, बसायचं. पाय पुन्हा सुजले, रात्री धाप लागली, तर चालणं सोडून सरळ माझ्याकडे यायचं."

त्या हिवाळ्यात देवला धुरपताबाईंच्या बहिणीकडे, रुख्मिणीबाईंकडे, हिंगोलीत राहिली. सुरुवातीला दवाखान्याच्या ओट्यावर डॉक्टरांच्या नजरेसमोर चालायची. मग गल्लीच्या टोकापर्यंत. होळीच्या सुमारास ती रुख्मिणीबाईंशी गप्पा मारत रेल्वे स्टेशनापर्यंत जाऊन येऊ लागली. तिथे तिला पाहून कोणी वाट बदलत नव्हतं. धुरपताबाई भेटायला गेल्या तेव्हा सून स्वतःच्या हाताने केस विंचरत बसलेली दिसली. कित्येक महिन्यांत तिचे हात तेवढा वेळ वर राहिले नव्हते.

"घेऊन चला आता मला," देवला म्हणाली. "मावशीला चालवून चालवून थकवलं मी."

तांड्यावर परतल्यावर पहिल्याच सकाळी ती रस्त्यावर निघाली. उन्हात फिरू नका, या गोळ्यांनी भोवळ येईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. संध्याकाळी तिचे पाय जड होत. सकाळ तेवढी तिची होती. जीप उभीच होती. कापडवाल्याने तिला पाहिलं आणि तो खाली उतरला. त्याच्यामागे आणखी दोघं उतरले आणि दुसऱ्या जीपची वाट पाहायला फाट्याकडे गेले.

धाकटी सून शिला त्या दिवशी भाकरी थापता थापता बोललीच. "हिंगोलीत कोन वळखतं यांना? हितं आमच्या पोटावर पाय पडून राहिला."

प्रेमसिंग वाईट माणूस नव्हता. तो खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "वहिनी, मी कुठं चालू नका म्हनतो? चाला. फकत जीप निघाली की चाला."

देवला हसली. "भाऊ, तुमची जीप निघते तवर रस्ता तवा झालेला आसतो. पोळी व्हायची माझी."

कोणी हसलं नाही. तिने सासूकडे पाहिलं. एका शब्दाने निकाल लागला असता. धुरपताबाईंनी तो शब्द उच्चारला नाही; दुसऱ्या सकाळी कडी घातली.

देवलाने मग परसात चालून पाहिलं. उकिरडा आणि भिंत यांच्यामधल्या खडबडीत पट्टीत ती ठेचकाळून पडली, आणि तेही बंद झालं. "आराम कर," सगळे म्हणत, आणि म्हणताना त्यांना आपण तिची काळजी घेतो आहोत असंच वाटे. हळूहळू फणी पुन्हा धुरपताबाईंच्या हातात आली. पुढे दारापर्यंत जायलाही आधार लागू लागला. घोट्यांवरची सूज वैशाखात पिंढऱ्यांवर चढली. लग्नसराई होती, जीपला उसंत नव्हती. येत्या बाजाराला दवाखान्यात नेऊ, असं दोनदा ठरलं आणि दोनदा राहिलं.

आणि एका पहाटे देवला धडपडत उठून बसली. तिला आडवं होता येईना. पुढे वाकून, दोन्ही हात बाजेवर रोवून ती श्वास ओढत होती. ओठ निळसर पडले होते.

धुरपताबाई अंगणाकडे धावल्या. जीपमध्ये नवरदेवाच्या घरची माणसं बसली होती. कोणाच्या मांडीवर हळदीकुंकवाचं ताट, कोणाच्या मांडीवर नवं लुगडं.

"प्रेम, वहिनीला न्यायला लागतं. आत्ताच्या आत्ता."

प्रेमसिंगने एकदा खोलीकडे, एकदा जीपकडे पाहिलं. "याडी, लगनाची मानसं हायेत. ह्यांच्यात वहिनीला कसं बसवू? ह्यांना सोडतो आन् तसाच मागं फिरतो."

धुरपताबाईंनी मान हलवली. होकारार्थी हलवली. आत आल्या आणि सवयीने कडी घातली.

"याडी... दार," देवला म्हणाली. "हवा... येऊ द्या."

"जाऊ दे ना बाय जीप. आत्ता जाईल."

त्यांनी तिची पाठ छातीशी धरली. त्या पाठीतून येणारी घरघर त्यांना स्वतःच्या बरगड्यांत जाणवत होती. बाहेर कोणाचं तरी मूल राहिलं म्हणून जीप खोळंबली. बायका हसत होत्या, कोणी गाणं धरलं होतं. धुरपताबाईंचा हात कडीपर्यंत गेला आणि परत आला. जीप वळणाआड गेल्यावरच त्यांनी दार उघडलं.

प्रेमसिंग परत आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

हिंगोलीत देवलाचा जीव वाचला. डॉक्टर खिल्लारे बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं.

"श्वास सकाळीच कोंडला होता ना? मग सकाळीच का नाही आणलं?"

धुरपताबाई म्हणाल्या, "जीपीत लगनाची मानसं होती."

डॉक्टरांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्या प्रेमसिंगकडून धुरपताबाईंकडे वळल्या. "हृदय आणखी दुबळं झालंय," त्या म्हणाल्या. "स्टेशनापर्यंत चालणारी देवला परत मिळेल, असं मी सांगू शकत नाही. काही गेलेलं परत येत नाही. पण सूज उतरल्यावर, मी सांगेन तेव्हा, सुरुवात पुन्हा करायचीच. अगदी दारापासून."

डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा मिरग जवळ आला होता. दवाखान्यातून परतलेल्या धुरपताबाईंनी घरात कोणाशी चर्चा केली नाही. प्रेमसिंगला विचारलं नाही, शिलाला समजावलं नाही. सकाळी रोजच्यासारखा चहा दिला, गोळ्या दिल्या. बाहेर जीप भरत होती.

"ऊठ, देवला."

"जीप हाये अजून."

"आसू दे."

देवला त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग त्यांच्या खांद्यावर हात टाकून उठली. दोघी उंबरा ओलांडून अंगणात आल्या. जीपमधली बोलणी थांबली.

"आरं प्रेमसिंग, हे काय?" आतून कोणीतरी म्हणालं.

"ज्याला उतरायचं आसंल त्यानं उतरावं," धुरपताबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या लेकीला चालायचं हाये."

कापडवाला उतरला. आणखी एक उतरला. बाकीची माणसं बसून राहिली, काही नजर चुकवून. दारात उभी असलेली शिला काही बोलणार होती, पण सासूची पाठ पाहून थांबली.

पावलं फार लहान होती. अंगण संपलं, रस्ता लागला. हापशापर्यंत पोचता पोचता देवलाचं बोलणं तुटू लागलं. धुरपताबाईंनी तिला ओट्यावर बसवलं आणि उन्हाच्या बाजूला स्वतः उभ्या राहिल्या. मागून जीपचं इंजिन सुरू झालं. रस्ता अरुंद होता, आणि धुरपताबाई बाजूला सरल्या नाहीत. प्रेमसिंगने हॉर्नवर हात ठेवला, उचलला, आणि इंजिन बंद केलं.

धाप ओसरल्यावर दोघी परत फिरल्या. जीपच्या अगदी कडेने, टपाच्या सावलीतून, बसलेल्या प्रत्येक माणसासमोरून त्या हळूहळू चालत गेल्या.