दोन सेकंद आधी

चेंडू अजून मैदानाच्या उजव्या कडेला होता, तेव्हाच हृषिकेशने रिमोटवर अंगठा दाबून आवाज कमी केला. दोन सेकंदांनी गोल झाला. पडद्यावर स्टेडियम उसळलं; घरात फक्त पंख्याचा आवाज होता. आतल्या खोलीत लेकीची, मयूराची, झोप मोडली नाही.

यामिनी टाळ्या वाजवायला अर्धी उठली होती, ती तशीच खाली बसली.

लंडनमध्ये क्रॉयडनला शिकत असताना नवरा-बायकोने तिथल्या क्रिस्टल पॅलेस या फुटबॉल क्लबला आपलं मानलं होतं, या क्लबने एकही मोठा करंडक जिंकलेला नव्हता हे ठाऊक असूनही. इंग्लंडच्या एफए कपची ही फायनल इथे ऑस्ट्रेलियात, डार्विनच्या घड्याळात, रात्री एकला सुरू झाली, तेव्हा हृषिकेश गॅस प्लान्टवरच्या नाइट शिफ्टला म्हणून घराबाहेर होता. तिथल्या कंट्रोल रूममध्ये फोन नेता येत नाही. रविवारी सकाळी दोघांनी मिळून रेकॉर्डिंग बघायचं, तोवर स्कोअर कुणीच बघायचा नाही, असं ठरलं होतं. तिने फोन बंद करून ठेवला होता.

"तू लकी जर्सी धुतलीस," सामना सुरू होताना तो म्हणाला होता. "आता हरलो तर तुझ्यावर."

हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती एका रीडिंगवर रिपोर्ट देत नसे. सिडनीची एक रिसर्च लॅब तिला मार्चपासून बोलावत होती. हृषिकेशची इथली नोकरी सुटेल म्हणून तिने दोनदा मुदत वाढवून घेतली होती. शेवटची मुदत उद्या संपणार होती.

छत्तिसाव्या मिनिटाला मँचेस्टर सिटीला पेनल्टी मिळाली. यामिनीने डोळ्यांवर हात घेतले. हृषिकेश टोस्टला कडेपर्यंत लोणी लावत होता. पेनल्टी अडवली गेली. दुसऱ्या हाफमध्ये पॅलेसने आणखी एकदा चेंडू जाळ्यात मारला आणि ती मयूराला विसरून ओरडली. तो बसूनच राहिला. थोड्या वेळाने तो गोल ऑफसाइड ठरून रद्द झाला.

तिने त्याच्या हातातून रिमोट घेतला आणि सामना थांबवला.

"शिफ्ट कधी संपली तुझी?"

त्याने प्लेट खाली ठेवली. 

"फेब्रुवारीत."

तीन महिन्यांचा पगार देऊन त्याला काढलं होतं. दुसरी नोकरी मिळाली की सांगणार होता. तोवर युनिफॉर्म घालून निघायचं, नाइटक्लिफला समुद्रासमोर गाडी लावायची, तिथूनच अर्ज पाठवायचे. रात्री हा सामनाही त्याने गाडीतच, फोनवर पाहिला. एकट्याला बघवत नव्हता, असंही तो म्हणाला.

"मग मार्चमध्ये कुठली नोकरी सुटणार होती?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तू सिडनीला गेली असतीस."

"आपण गेलो असतो. तिघं," यामिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आता मी आणि मयूरा जातोय."