गल्लीची तेरा पायऱ्यांची शिडी

आधी मला जरा भिंतीला नीट टेकवा. हां, आता कसं! आडवं पडून आयुष्य सांगायचं मला जमत नाही. मी या गल्लीची शिडी. तेरा पायऱ्या, दोन दांडे आणि चाळीस घरांची ओळख, एवढी माझी इस्टेट.

माझा जन्म झाला तेव्हा इथे गल्ली नव्हतीच. गावाच्या टोकाला माळ होता आणि त्यावर सहा घरांचे पाये खणलेले होते. पहिलं घर सुतारदादांचं. स्वतःच्या छपरावर चढायला त्यांनी मला उरलेल्या सागातून घडवलं. छप्पर झालं तशी शेजारच्या शिंप्याने हाक मारली, मग पलीकडच्या मास्तरांनी. महिनाभर मी घरी परतलेच नाही.

शेवटी सुतारवहिनींनी बाहेरच्या भिंतीवर दोन आकडे ठोकून मला टांगलं आणि कायदा केला, "न्यायची तर सांगून न्यायची, आणायची तर पुसून आणायची."

सांगून न्यायची म्हणजे वहिनींच्या चौकशीतून सुटका नाही. "कशाला हवी? पाहुणे येणारेत? मुलगी बरी आहे का?" गल्लीतल्या बातम्या आधी वहिनींच्या ओट्यावर यायच्या, मग घरोघरी जायच्या.

मी छपरं पाहिली, पाण्याच्या टाक्या पाहिल्या, आलेले आणि गेलेले अँटेना पाहिले. वर चढलेला माणूस एकटा राबतो आणि खाली उभे असलेले सगळे मुकादम होतात, हेही पाहिलं. "जरा डावीकडे घ्या," म्हणणाऱ्याने स्वतः कधी माझी दुसरी पायरी ओलांडलेली नसते!

पण माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट कंपाउंडर आणि पोस्टमन या दोघांची. भिंतीला भिंत लागून घरं. पोस्टमनने वर एक खोली बांधली आणि तिच्या पन्हळीचं पाणी कंपाउंडरच्या भिंतीवर पडू लागलं. कंपाउंडर म्हणाले, "भिंत भिजतेय माझी." पोस्टमन म्हणाले, "भिजली तर भिजली, मिठाची आहे का?" झालं! त्या दिवसापासून दोघांतून विस्तव जात नव्हता. नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांत पोस्टमनची बायको गेली, मुलगी लग्न होऊन लांब गेली, ते स्वतः निवृत्त झाले. कंपाउंडर सांत्वनाला गेले, पण दारातूनच परतले.

एका सकाळी नऊच्या सुमाराला कंपाउंडर अंगणात येरझाऱ्या घालत होते.

"आज याचा रेडिओ लागला नाही," ते बायकोला म्हणाले.

"रोज कटकट म्हणता. आज शांत आहे तर बरं वाटू द्या की!"

"दुधाची पिशवीसुद्धा तशीच पडलीय."

त्यांनी पोस्टमनचं दार वाजवलं. आतून कडी. हाक मारली, उत्तर नाही. तसे ते तडक आले आणि न विचारता मला आकड्यांवरून उतरवलं. "अहो, सांगून तरी..." वहिनी ओरडल्या, पण त्यांचा चेहरा पाहून पदर खोचून मागे धावल्या. तोवर सुतारदादा जाऊन चार वर्षं झाली होती, वहिनी सत्तरीच्या. मला पोस्टमनच्या वरच्या खोलीच्या उघड्या खिडकीला लावलं, वहिनींनी दोन्ही हातांनी धरलं आणि गुडघेदुखीचे कंपाउंडर चढू लागले.

खरं सांगते, मी घाबरले होते. आठवी पायरी आतून पोखरलेली होती, ते माझं मलाच ठाऊक. पाय पडला आणि ती कडकन मोडली. कंपाउंडर लटकले, वहिनींच्या तोंडून "अगं आई!" निघालं. पण मी दांडे घट्ट रोवले. त्यांनी नववी पायरी पकडली आणि खिडकीतून आत गेले.

उघड्या खिडकीशी टेकून मी सगळं ऐकलं.

"कोण?" क्षीण आवाज आला.

"मी. शेजारचा. हलू नका, पाय बघू द्या. कधी पडलात?"

"काल संध्याकाळी. बल्ब बदलत होतो, स्टूल सरकलं."

"स्टुलावर चढलात? शिडी का नाही आणली?"

"आणली असती हो. धरणार कोण?"

कंपाउंडर जमिनीवर बसल्याचा आवाज आला, आणि मग ते म्हणाले, "हाक मारायची होती. भिंत काही एवढी जाड नाही. तुमच्याच पाण्याने पातळ झालीय."

"हसवू नका हो," पोस्टमन कण्हत म्हणाले, "फार दुखतंय."

कंपाउंडरनी कोपऱ्यातली जुनी छत्री पायाला बांधून आधार दिला, खाली येऊन कडी काढली, आणि निम्म्या गल्लीने मिळून पोस्टमनला खाटेसकट गाडीत चढवलं. दोन महिन्यांनी ते काठी टेकत परत आले, तेव्हा त्यांच्या घराच्या किल्लीची दुसरी जोडी कंपाउंडरच्या खिळ्यावर होती.

माझी आठवी पायरी वहिनींनीच बसवली. लोक म्हणाले, सुतार बोलवू. त्या म्हणाल्या, "तीस वर्षं त्यांना हत्यारं हातात देत आले, ती काय फुकट?" पायरी जरा वाकडी बसलीय, पण भक्कम आहे. तिच्यावर पहिला पाय कंपाउंडरनी ठेवला. पन्हळीचं तोंड रस्त्याकडे वळवायला चढले होते. खालून पोस्टमन काठी उगारून सांगत होते, "अजून थोडं उजवीकडे!"

आता गल्लीत तिघांकडे हलक्या, चकचकीत शिड्या आल्यात. मला त्यांचा हेवा नाही. घरात सगळं असू द्या; फक्त एखादी वस्तू अशी ठेवा, जी मागायला शेजारचं दार वाजवावं लागेल.

बरं, निघते. कोपऱ्यावर नव्याने राहायला आलेल्या नर्सबाई वहिनींच्या ओट्यावर अर्धा तास बसल्यात. पडद्याची दांडी लावायचीय म्हणे. चहा संपत आला, म्हणजे आता माझी पाळी. आणि हो, चढताना चपला काढा. वय झालंय माझं, मान नाही गेला.